म्हातारा हेवीवेट, कोवळा पोरगा आणि सेवउसळीची पैज

(२०२५ च्या गणेशोत्सवातल्या व्याख्यानाचं शब्दांकन. चहाच्या कपांचा आवाज आणि तीच तीच वाक्यं काढलीत, बाकी बोललो तसंच.)

बसा, पुढे या. पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवून मागे दाटी करायची ही आपली बडोदेकरांची जुनी सवय, लग्नात पण तेच. म्हातारा आणि पोरगा बॉक्सर लागले तर कोण जिंकेल, हा विषय वाचून काही मंडळी आलीच नसणार, गणपतीत बॉक्सिंग कुठून काढलं म्हणून. पण परवा इथे कीर्तन चालू असताना मागच्या खांबाला टेकून दोन पोरं मोबाइलवर हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटातला चॅम्पियन उसिक, त्याची फाइट बघत होती, हे मला माहीत आहे कारण मी त्यांच्याच खांद्यावरून बघत होतो.

आधी माझी फजिती सांगतो. मागच्या नोव्हेंबरात माइक टायसन आणि यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलची फाइट झाली, टायसन ५८, पॉल २७, आणि मी भाच्याशी पैज लावली, सेवउसळीची, टायसन दोन राउंडात झोपवेल म्हणून. का, तर डोक्यात १९८६ चा टायसन, वीस वर्षांचा, तेव्हाच्या चॅम्पियन बर्बिकला पाडून सगळ्यात तरुण हेवीवेट चॅम्पियन झालेला. राउंड तीनऐवजी दोन मिनिटांचे, तेही आठच, ग्लोव्हज नेहमीपेक्षा जाड १४ औंसचे, इतक्या सवलती देऊनसुद्धा बिचाऱ्याचे अख्ख्या फाइटीत १८ ठोसे लागले. अठरा! भाचा म्हणाला, मामा, एक्स्ट्रा तर्री घेऊ का? मी म्हटलं घे बाबा.

तर चूक कुठे झाली? मी माणसाला बघत नव्हतो, आठवणीला बघत होतो. आणि हा नाद आपल्याला जुना आहे. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गामाने उचललेला दगड आहे, १९०२ सालचा, १२०० किलोचा सांगतात, आणि लहानपणी त्याच्यासमोर उभं राहून आम्ही पोरं भांडायचो की गामा विरुद्ध दारासिंग लागली तर कोण. कुठल्या वयाचा गामा हे एकानेही कधी विचारलं नाही. खरं म्हणजे गामा कोवळा होता तेव्हा त्याची रहीमबक्ष सुलतानीवाल्याशी लागली होती, तो जवळपास सात फुटी, वयाने बराच मोठा, नाव कमावलेला, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. म्हणजे म्हातारा-तरुण जोड आपल्या मातीतही लागत होतीच. पुढे १९१० ला लंडनला पोलंडचा पैलवान झिबिस्को गामापुढे नुसता मॅटला चिकटून राहिला आणि निकाल लागला नाही, आणि १९२८ ला पतियाळात गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. पण तोवर दोघंही पन्नाशीला टेकलेले, म्हणजे तिथे आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही. असो, कुस्तीवर गेलो की मी परत येत नाही.

न झालेल्या फाइटीचा सगळ्यात भारी किस्सा अमेरिकेतला. १९६९ ला मुहम्मद अलीवर बंदी होती, फाइट मिळत नव्हती, आणि जुना हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानो १९५६ लाच ४९ पैकी ४९ जिंकून घरी बसलेला. एका निर्मात्याने काय केलं, दोघांची माहिती कॉम्प्युटरला भरवली आणि दोघांना खरोखर रिंगमध्ये उतरवून शूटिंग केलं. अली २७ चा, मार्सियानो ४५ चा, त्याने बिचाऱ्याने वजन उतरवलं, डोक्यावर विग घातला. शेवट वेगवेगळे शूट करून ठेवले, कोण जिंकणार हे त्या दोघांनाही माहीत नाही. जानेवारी १९७० ला थिएटरात दाखवलं तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या राउंडला नॉकआउटने जिंकला, आणि युरोपात अली जिंकतो तो शेवट दाखवला. आता बोला. आणि मार्सियानोने तो निकाल पाहिलाच नाही, शूटिंगनंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ ला, तो विमान अपघातात गेला.

कॉम्प्युटरला जे कळलं नाही ते आपल्या आखाड्यातल्या वस्तादाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, आधी पाय जातात. मग नजर, म्हणजे ठोसा दिसतो पण डोकं हलायला उशीर होतो. मग दोन राउंडच्या मधल्या मिनिटात दम परत येत नाही. जोर सगळ्यात शेवटी जातो, आणि घोटाळा तिथेच आहे, कारण म्हाताऱ्याचा जोर बॅगवर दिसतो, व्हिडिओत दिसतो, पाय गेलेले कुणाला दिसत नाहीत. १९८० ला अली तेव्हाचा चॅम्पियन लॅरी होम्सपुढे उतरला तेव्हा ३८ चा होता, वजन उतरवून पोट आत, बघायला एकदम जुना अली, आणि दहा राउंड नुसता मार खाल्ला, शेवटी कॉर्नरमधून त्याच्या ट्रेनरने, अँजेलो डंडीने, थांबवलं. होम्स एकेकाळी त्याचाच स्पॅरिंग पार्टनर. चेल्याला गुरूला मारायचं नव्हतं असं दिसत होतं, पण गुरू खाली बसेना.

आणि काळाची गंमत बघा, सात वर्षांनी त्याच ३८ व्या वर्षी होम्स टायसनपुढे, टायसन २१ चा. तीन राउंड होम्स पकडापकडी करत जेमतेम टिकला, चौथ्यात मात्र एकदम पंजांवर आला, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सुरू, लोकांना वाटलं जुना होम्स परतला. त्याच राउंडात तीनदा पडला आणि खेळ खल्लास. शेवटी शेवटी अपरकट मारायला गेला तर हात दोरीत अडकला. हे मला फार वाईट वाटतं. पायात दोन मिनिटांचं तारुण्य आलं आणि त्या भरवशावर तो उघडा पडला, सावध खेळला असता तर कदाचित आणखी काही राउंड गेला असता.

मग म्हातारा जिंकतो कधी? जिंकतो, पण पोरगा समोर येऊन उभा राहिला तर. ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगस, जॉर्ज फोरमन ४५ चा, वजन ११३ किलोच्या आसपास, आणि मायकल मूरर २६ चा, न हरलेला चॅम्पियन. फोरमनने चड्डी कुठली घातली होती तर १९७४ ला किन्शासाला अलीकडून हरला तेव्हाची तीच, आणि कॉर्नरमध्ये तोच डंडी जो त्या रात्री अलीच्या कॉर्नरला होता. नऊ राउंड मूरर पॉइंट्सवर पुढे, तिन्ही जजेसकडे. त्याचा ट्रेनर टेडी अॅटलस ओरडतोय की त्याच्यासमोर उभा राहू नको, फिर. पण जिंकणाऱ्या पोराला फिरायचा कंटाळा येतो हो. दहाव्यात फोरमनने जॅबमागून उजवा हात सरळ हनुवटीवर टाकला, लांबून काही वाटलं पण नाही, आणि मूरर आडवा. मी ती फाइट कितीदा पाहिली असेल, दरवेळी वाटतं आता तरी हा बाजूला सरकेल.

म्हणून माझ्यापुरता नियम असा की कोण जिंकेल हे विचारायचंच नाही, कितव्या राउंडला आणि पोरगा उभा राहील का, हे विचारायचं. हा लावून बघा ना, आपला आवडता वाद, १९९४ चा फोरमन आणि १९८८ चा टायसन. लोक म्हणतात फोरमन, कारण १९७३ ला त्याने तेव्हाच्या चॅम्पियन जो फ्रेझरला दोन राउंडात सहा वेळा पाडलं, आणि टायसन फ्रेझरसारखाच बुटका, पुढे घुसणारा. मला नाही पटत. तो फोरमन २४ चा होता, आणि फ्रेझर गरम व्हायला वेळ घेणारा गडी, टायसन घंटा वाजल्या वाजल्या गरम, डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हलतंय, हात दुप्पट जोरात. पण फोरमन पडेल का? ४२ व्या वर्षी तेव्हाच्या चॅम्पियन होलीफिल्डबरोबर बारा राउंड उभा राहिला, तो टायसनने पण सहज नाही पडणार. आणि १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने त्याला पाडून दाखवलं की टायसनला दहाव्या राउंडापर्यंत ओढलं की तो पण माणूसच आहे. तेव्हा माझा निकाल, टायसन पॉइंट्सवर, पण सहाव्यानंतर मी खुर्चीत नीट बसणार नाही.

(मागून कोणीतरी: आणि उसिक?)

आलो, आलो. उसिक आता ३८ चा, जुलैमध्ये त्याने ड्युबॉइसला, जो २७ चा, पाचव्यात पाडलं. आणि याच महिन्यात १६ तारखेला मोझेस इटाउमा, वय फक्त २० हो, त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडात संपवलं, व्हाइट ३७ चा. दोघं डावखुरे, वयात जवळपास १८ वर्षांचं अंतर. ही जोड लागलेली नाही, पण सगळे तीच लावतायत. बघा, व्हाइट समोर उभा राहिला म्हणून गेला. उसिक उभाच राहत नाही, ३८ ला पण त्याचे पाय चालतात, म्हणजे हा आपल्या नेहमीच्या म्हाताऱ्यांतला नव्हेच, इथे फिरणारा म्हातारा आणि थांबवणारा पोरगा असा उलटा हिशोब आहे. पोराच्या बहुतेक फाइटी दोन राउंडात संपल्यात, नवव्या-दहाव्यात त्याचा दम कसा असेल हे त्याच्या वस्तादाला तरी कुठे माहीत असणार. आज लागली तर उसिक, पॉइंट्सवर. दोन वर्षांनी लागली तर मला विचारू नका.

भाचा इथेच बसलाय, तिसऱ्या रांगेत, हसतोय बघा. त्याने इटाउमा घेतलाय, सहाव्या राउंडाच्या आत. पैज तीच, सेवउसळ, आणि यावेळी तर्री त्याच्या पैशाने.