सातवी रेघ

मंडळी, बडोद्याच्या आयटीआयमध्ये टर्नरच्या, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातायला शिकणाऱ्या मुलांना शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यातल्या एका मुलाचा जॉब, म्हणजे त्याने कातायला घेतलेला तुकडा, अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ड्रॉइंगमध्ये व्यास 24 मिलिमीटर होता. मुलाने लेथ थांबवून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, लावला. मुख्य पट्टीवर 24, आणि व्हर्नियरची सातवी रेघ जुळलेली. आपल्या व्हर्नियरचं लघुत्तम माप, म्हणजे एका रेघेची किंमत, 0.02 मिलिमीटर. सात गुणिले 0.02 म्हणजे 0.14, म्हणून माप 24.14. त्याने वाचलं 24.7. अजून 0.7 उरलंय असं समजून त्याने कट दिला आणि जॉब 23.44 वर गेला. लोखंडात मिलिमीटर परत भरता येत नाही.

मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. ते माझं चुकलं. नंतर शेजारी बसवून विचारलं, 0.7 मोठं की 0.14? म्हणाला, “0.14, सर. चौदा मोठे ना सातापेक्षा?” रेघ त्याने बरोबर ओळखली होती. हात स्थिर, नजर चोख. पाचवी-सहावीतला दशांश तेवढा कच्चा राहिला होता आणि दहावी पास होईपर्यंत कुणी त्याला हा प्रश्न विचारलाच नव्हता.

असे मूल एकटंदुकटं नाही. 2023 च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना पट्टीने लांबी मोजायला दिली होती. वस्तू शून्यावर ठेवली तेव्हा सुमारे 85 टक्क्यांना जमलं. शून्यापासून सरकवली तर फक्त 39 टक्क्यांना. आणि साधारण चौघांतल्या एकाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा स्वतःच्या भाषेतही सलग वाचता आला नाही. वर्कशॉपमध्ये वस्तू शून्यावर क्वचितच असते हो!

यावर उपाय म्हणून शाळेतलं गणित पुन्हा फळ्यावर मांडायचं, हे मला पटत नाही. ज्या फळ्यासमोर त्याने मान खाली घातली, त्याच्याचसमोर त्याला परत कशाला उभं करायचं? गणिताच्या शिक्षकाने लेथपाशी यावं. भंगारात गेलेला जॉब हातात घेऊन दशांश शिकवावा. आमच्याकडच्या सुताराच्या मुलाला अपूर्णांक म्हटलं की घाम फुटायचा, पण आठ सुतांचा इंच हे त्याच्या बोटांत होतं. “तीन सूत म्हणजे इंचाचा कितवा भाग?” म्हटलं की लगेच, “तीन अष्टमांश.” आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, सवायकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले ते व्यवहाराच्या गरजेपोटीच.

वाचनाचं दुखणं अधिक खोल आहे. घरी मराठी, शाळा गुजराती, मशिनवरच्या सूचना इंग्रजीत. ‘टॉलरन्स’ हा शब्द मुलं रोज उच्चारतात. अर्थ (मापात चालणारा थोडासा फरक) विचारला की गप्प. परीक्षेत चारांतला एक पर्याय निवडायचा असतो, त्यामुळे दोन वर्षांत स्वतःचं एक वाक्य न लिहिताही मुलगा पुढे सरकतो. म्हणून मी जर्नलमध्ये, म्हणजे कामाच्या वहीत, रोज तीन ओळी लिहायला लावायचो, मराठी, गुजराती, जमेल त्या भाषेत: आज काय केलं, कुठे अडलं, माप किती आलं. पहिले दोन महिने नुसतं “फेसिंग केलं”, म्हणजे जॉबचं तोंड सपाट केलं, एवढंच. मग एकाने लिहिलं, “टूल घासलं होतं म्हणून पृष्ठभाग खरबरीत आला.” त्या ‘म्हणून’पाशी मी थांबलो. मुलगा आता कारण लिहू लागला होता.

हे बडोद्याला परकं नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, रसायनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिली, आणि तिथे रंगविद्या नि यंत्रविद्या गुजरातीतून शिकवली गेली. 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात सक्तीचं झालं. हत्यार आणि अक्षर यांची ताटातूट त्यांनी केली नव्हती, आपण केली.

दांडिया बाजार, रावपुऱ्यात निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं खूप आहेत. आठवड्यातून दोन तास द्या. बूट घालून या, वर्कशॉपमध्ये चप्पल चालत नाही. आधी मुलाकडून व्हर्नियर वाचायला शिका, मग त्याची जर्नल मागा. लाल पेन मात्र घरीच ठेवा.