पकड जमली की दूध पुरतं

श्रोतेहो, नमस्कार. बाळंतपणानंतर आईच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे, "दूध पुरत नाही." बहुतेक वेळा दूध पुरेसं असतं, बाळाची पकड चुकलेली असते.

बाळाने नुसतं स्तनाग्र तोंडात धरलं की दूध नीट ओढलं जात नाही, आणि आईला चिरा पडतात. म्हणून बाळाचं पोट आपल्या पोटाला टेकवा. डोकं, मान, पाठ एका रेषेत आणि नाक स्तनाग्रासमोर ठेवा. बाळाने मोठा आ केला की त्याला स्तनाकडे आणा. आपण वाकू नका, नाहीतर पाठ धरते. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतोय, म्हणजे जमलं. दुखतच राहिलं, तर बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवा, पकड सोडवा आणि पुन्हा धरवा. ओढून काढू नका.

स्तन जितका रिकामा होतो, तितकं दूध तयार होतं. घाबरून वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं आणि मग दूध खरंच आटतं. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा; रात्रीचं पाजणं चुकवू नका. पाचव्या दिवसानंतर बाळ 24 तासांत निदान 6 वेळा शू करतंय आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलंय, तर दूध पुरतंय. तसं नसेल किंवा बाळ सुस्त असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट, पिवळसर चीक एका वेळी चमचा-दोन चमचेच असतो. तो फेकणं म्हणजे शुद्ध नुकसान. त्यातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बाळाच्या आतड्याचं रक्षण करतात. म्हणून जन्मल्यावर तासाभरातच बाळाला पाजायला घ्या. पुढे सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. फक्त आईच्या दुधाने जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग कमी होतात. डॉक्टरांनी दिलेले थेंब मात्र चालू ठेवा.

आईलाही फायदा आहे. पाजताना आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवतं, गर्भाशय आवळतं, रक्तस्राव कमी होतो. सुरुवातीला ओटीपोटात कळा येतात त्या यामुळेच. पुढे स्तनाचा व अंडाशयाचा कर्करोग आणि टाइप 2 मधुमेह यांचा धोकाही घटतो.

स्तन लाल, गरम होऊन ताप आला, तरी पाजणं थांबवू नका. डॉक्टरांकडे जा आणि अंगावर पाजते आहे हे आधी सांगा, म्हणजे त्याला चालणारं औषध मिळेल.