टॅब्लेट केव्हा उघडायचा, केव्हा मिटायचा

सहकारी प्राध्यापकहो आणि संशोधक विद्यार्थ्यांनो,

विद्यापीठाच्या वर्गात टॅब्लेट आणि मोबाईल असावेत की नसावेत, या वादात आता फारसा अर्थ उरलेला नाही. विद्यार्थी तासाला येतो तो मोबाईल खिशात घेऊनच, आणि आपण मनाई केली म्हणून तो त्याच्या मनातून जात नाही. विचार करायला हवा तो वेगळ्या गोष्टीचा. तासातल्या कोणत्या दहा मिनिटांत हे उपकरण विद्यार्थ्याला डोके चालवायला लावते आणि कोणत्या दहा मिनिटांत त्याची त्या कष्टातून सुटका करते? विद्यार्थ्याच्या मनात विषयाची कोणती समजूत घर करून बसली आहे, हे शिक्षकाला, सोबत्यांना आणि खुद्द त्यालाही दिसू लागणार असेल, तेवढ्यापुरते उपकरण उघडावे आणि एरवी ते मिटलेले असावे, अशी भूमिका मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

ही भूमिका या उपकरणांच्या जन्माआधीची आहे. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली प्लेटो ही संगणकाधारित अध्यापन प्रणाली सुरू झाली आणि सत्तरच्या दशकात तिच्या पडद्याला बोट लावून विद्यार्थी उत्तर देऊ लागले. १९७२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी वहीसारख्या, हातात मावणाऱ्या ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली, मुलाने त्यावर स्वतः काही घडवावे, प्रयोग करावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. आयपॅड बाजारात आला तो २०१० साली. प्रत्यक्षात मात्र टॅब्लेट विद्यापीठात पोहोचला, तेव्हा आपण बहुतेकांनी त्याला स्लाइड आणि पीडीएफ वाहून नेण्याच्या कामाला जुंपले. विद्यार्थ्याने काही करावे म्हणून कल्पिलेले साधन आपण त्याला काही दाखवण्यापुरते वापरले, याची मला मनापासून खंत वाटते.

विद्यार्थ्याचा विचार दिसू लागतो म्हणजे नेमके काय होते, हे एका प्रश्नावरून पाहू. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली, तर कोणाचे कोणावर जास्त बल लागते? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले आणि त्यावरची गणिते बिनचूक सोडवणारे कितीतरी विद्यार्थी ‘ट्रकचे मोटारीवर’ असे उत्तर देतात. दोन्ही बले सारखीच असतात. मोटारीचे वस्तुमान कमी असल्यामुळे तिचा वेग अधिक झपाट्याने बदलतो आणि नुकसान तिचे अधिक होते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांना आपल्याच विद्यार्थ्यांमध्ये पाठांतर आणि समज यांतली ही दरी आढळली आणि १९९१ पासून त्यांनी तासाची रचनाच बदलली. थोडे विवेचन करायचे, मग असा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर द्यायचे, उत्तरे विभागली गेली असतील तर शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि पुन्हा मत नोंदवायचे. शिक्षकाचे स्पष्टीकरण येते ते यानंतर, म्हणजे ते ऐकण्याची गरज प्रत्येकाला वाटू लागल्यावर.

यात मोबाईलचे काम किती? मझूर यांच्या पद्धतीत सुरुवातीला हात वर करून उत्तरे देत असत. भौतिकशास्त्र-शिक्षणाचे संशोधक नॅथनिएल लॅसरी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तराची कार्डे दाखवणारा वर्ग आणि बटण दाबून मत नोंदवणारा वर्ग यांची तुलना केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. उपकरणांवर मोठा खर्च करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने ही गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण फळ येते ते प्रश्नातून आणि चर्चेतून. तरीही मोबाईलवरून घेतलेल्या मताला मी मोल देतो. हात वर करायचा झाला की बुजरा विद्यार्थी पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीकडे पाहून हात वर करतो. नाव न दाखवता मत द्यायचे असेल, तर तो आपले खरे उत्तर देतो. शिवाय उत्तरांची नोंद राहते, आणि कोणती चुकीची समजूत किती जणांची आहे हे पाहून पुढच्या तासाची आखणी करता येते.

प्रयोगशाळेत तर मोबाईल याहून मोठे काम करतो. त्यात त्वरणमापक असतो, बऱ्याच मोबाईलमध्ये घूर्णनमापकही (जायरोस्कोप) असतो, आणि आखेन येथील तांत्रिक विद्यापीठात तयार झालेल्या ‘फायफॉक्स’सारख्या मोफत अ‍ॅपमधून या संवेदकांची मोजमापे थेट वाचता येतात. मोबाईल दोरीला टांगून त्याचा लंबक करा. लांबी एक मीटर असेल, तर एका दोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. प्रत्येक गटाला वेगळी लांबी द्या आणि सगळ्यांच्या नोंदी एकाच सामायिक तक्त्यात भरायला सांगा. लांबीसमोर आवर्तकालाचा वर्ग मांडला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून गुरुत्व त्वरण काढता येते. खरी मौज यापुढे आहे. सगळ्यांनी फक्त दोरीच मोजली आणि तिच्या टोकापासून मोबाईलच्या मध्यापर्यंतचे अंतर धरलेच नाही, तर रेषा सरळ येते, चढही बरोबर येतो, पण ती आरंभबिंदूतून जात नाही. का जात नाही, याचा शोध घेताना लंबकाची लांबी गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची असते हे विद्यार्थ्याला स्वतःहून उमगते. प्रत्येक गटाने फक्त आपलीच मोजणी पाहिली असती, तर ही चूक कोणाला दिसलीही नसती. सगळ्यांच्या नोंदी एकत्र आल्या म्हणून ती दिसली.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच गांभीर्याने पाहायला हवी. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमावर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्गांत लॅपटॉप आणि टॅब्लेटला पूर्ण मुभा होती, काहींत टॅब्लेट बाकावर सपाट ठेवूनच वापरायची अट होती आणि काहींत दोन्हींना बंदी होती. बंदी असलेल्या वर्गांच्या तुलनेत बाकी दोन्ही प्रकारच्या वर्गांचे परीक्षेतील गुण कमी भरले. म्हणजे टॅब्लेट शिक्षकाला दिसेल असा ठेवायला लावूनही नुकसान टळले नाही. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर दुसरीच कामे करणाऱ्यांना कमी आकलन झालेच, पण ज्यांना शेजारचा तो पडदा नुसता दिसत होता, त्यांच्याही आकलनाला फटका बसला. त्यामुळे ‘ज्याचे नुकसान त्याचे’ असे म्हणून शिक्षकाला हात झटकता येत नाहीत. मत नोंदवून झाले, मोजणी झाली की उपकरणे मिटवायला सांगणे, हे मी शिक्षकाचे कर्तव्य मानतो. ते सांगताना कारणही सांगावे. प्रौढ विद्यार्थी कारण समजले की सहकार्य करतात.

टिपणे कशावर काढावीत, याबद्दल मी ठाम नियम सांगणार नाही. हाताने लिहिणारे अधिक शिकतात, हा २०१४ मधील गाजलेला निष्कर्ष पुढे प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा तितक्या ठळकपणे आढळला नाही. मात्र गणितात आणि रसायनशास्त्रात कळफलक अडचणीचाच ठरतो आणि तिथे लेखणी चालणारा टॅब्लेट उपयोगी पडतो. विद्यार्थ्याने केलेली सिद्धता खाडाखोडीसकट मोठ्या पडद्यावर आणून त्याच्या परवानगीने वर्गासमोर तपासता येते, आणि कोणत्या पायरीवर पाऊल घसरले हे सगळ्यांना दिसते.

राहिला प्रश्न वाचनाचा. ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडद्यापेक्षा कागदावर वाचलेले अधिक समजते असे आढळले, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढत होता. म्हणून दीर्घ लेख शक्यतो छापील द्यावा. ते शक्य नसेल, तेव्हा ज्याच्याकडे फक्त मोबाईल आहे, तो विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून साहित्य तयार करावे. दोन स्तंभांची पीडीएफ लहान पडद्यावर उघडली की प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते; तोच मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे जुळवून घेणाऱ्या स्वरूपात दिला, तर हा त्रास होत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सुविधा आयफोनवर २००९ पासून ‘व्हॉइसओव्हर’ या नावाने आहे आणि अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ या नावाने आहे. परंतु पुस्तकाची पाने स्कॅन करून नुसती चित्रे म्हणून दिली, तर त्यांतला मजकूर या सुविधांच्या हाती नीट लागत नाही. तीच पाने अक्षरओळख करून (म्हणजे चित्रातली अक्षरे संगणकाकडून मजकुरात बदलून), शुद्धलेखन तपासून आणि शीर्षके नीट नोंदवून दिली, तर हा विद्यार्थी हवा तो परिच्छेद शोधून ऐकू शकतो आणि इतरांइतक्याच तयारीने चर्चेला बसू शकतो. हे काम वेळखाऊ आहे, आणि विद्यापीठांनी शिक्षकाच्या कार्यभारात त्यासाठी वेगळे तास धरले पाहिजेत.