वायूतून कण: विद्युतभार कुठे कामाला येतो

श्रोतेहो, नमस्कार. वायूपासून सूक्ष्म कण बनताना सगळ्यात अवघड असतो तो पहिला पुंजका. चार-सहा रेणू एकत्र येतात खरे, पण इतक्या लहान पुंजक्याची वक्रता फार असते, म्हणून रेणू चिकटण्याआधीच सुटतात. मध्ये आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा रेणू, असला, की तो त्यांना ओढून धरतो. धूळविरहित हवेत पाण्याची वाफ संपृक्ततेच्या, म्हणजे हवेत एरवी मावते त्या वाफेच्या, सुमारे आठपट झाली तरच धुकं धरतं. ऋण आयन असतील तर चौपट पुरते, धन आयनांना सहापट लागते. विद्युतभारित कण जाताना मागे आयनांची ओळ सोडतो, आणि तिच्यावर थेंब धरतात; याच गुणावर भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी अशा कणांचे मार्ग दाखवणारी मेघपेटी बनवली आणि १९२७चं नोबेल मिळवलं.

वेगळ्या पद्धतीची मेघपेटी शाळेतही होते. काचेची चौकोनी टाकी घ्या. तिच्या तळाला आतून फेल्टची पट्टी घट्ट बसवून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चिंब भिजवा. टाकी काळ्या धातूच्या पत्र्यावर उपडी ठेवा. पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बर्फ हवा, उणे ७८ अंशांचा. कडा चिकटपट्टीने बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, खोलीत अंधार करून बाजूने बॅटरीचा झोत टाका. पत्र्यालगत पांढऱ्या रेघा उमटतात. आखूड, जाड रेघ किरणोत्सारी पदार्थातून निघणाऱ्या अल्फा कणाची. लांब, सरळ, बारीक रेघ बहुधा वैश्विक किरणांमुळे वातावरणात बनणाऱ्या म्यूऑन कणाची. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटमध्ये आपल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा युरेनियम सहसा जास्त असतं, तेव्हा तिथल्या बंद खोलीत युरेनियमपासून बनणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे जाड रेघा जास्त दिसू शकतात.

रेघा दिसल्या नाहीत, तर आधी अल्कोहोल तपासा. सॅनिटायझरच्या सत्तर टक्केवाल्यात पाणी असतं, ते चालत नाही. ९९ टक्केच हवं. कडेतून वारा शिरला तरी वाफेचा थर मोडतो. नुसतंच धुकं दिसत असेल, तर जुने आयन साचलेत. लोकरीवर घासलेली प्लास्टिकची पट्टी टाकीवर धरा, ते ओढले जातात. पावसाळ्यात पट्टीचा भार टिकत नाही, मे महिन्यात बर्फ झपाट्याने उडतो; आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी उत्तम. बर्फाला हातमोज्याशिवाय हात नको, खिडक्या उघड्या ठेवा, आणि अल्कोहोलची वाफ पेटते, म्हणून जवळ काडीसुद्धा ओढू नका.

आकाशात मात्र वाफ चौपट कधीच होत नाही; ढगात ती संपृक्ततेच्या जेमतेम एखादा टक्का वर जाते. तिथे आयन मदत करतात ती गंधकाम्लाच्या वाफेला, तिचे कण बनताना. युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या २६ घनमीटरच्या ‘क्लाउड’ पेटीत विद्युतक्षेत्राने आयन काढून टाकून आणि मग राहू देऊन तुलना केली गेली. २०११च्या निष्कर्षांनुसार आयनांमुळे कण बनण्याचा वेग दुपटीपासून दहापटीहून अधिक वाढतो, पण जितके आयन तयार होतात तेवढीच त्याची मर्यादा. शिवाय नवा कण सुमारे दीड नॅनोमीटरचा. ढगाचा थेंब धरायला तो पन्नास ते शंभर नॅनोमीटरचा व्हावा लागतो. त्याला तास, कधी दिवस लागतात, आणि धुळीच्या हवेत मोठे कण त्याला मध्येच गिळतात. हवेत आयन सोडून पाऊस पाडतो म्हणणाऱ्याला आधी ही मधली वाढ कशी घडवणार, ते विचारा.