टेपची भूक: सर्व्हरपासून कार्ट्रिजपर्यंत

(दृश्य: उघडलेलं कार्ट्रिज. फितीच्या टोकाची पिन चिमट्यात.)

तळहातावर मावणाऱ्या या एलटीओ-९ (बॅकअपसाठी वापरायच्या चुंबकीय टेपची नववी पिढी) कार्ट्रिजमध्ये १,०३५ मीटर फीत गुंडाळलेली आहे. रुंदी अर्धा इंच. तिच्यावर ८,९६० ट्रॅक बसतात आणि हेड एका वेळी ३२ लिहितं. म्हणजे कार्ट्रिज काठोकाठ भरायचं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० खेपा. अंतर मोजलं तर २९० किलोमीटरच्या घरात जातं.

पूर्ण उंचीचा ड्राइव्ह, म्हणजे कार्ट्रिज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्राचा मोठा आकार, सेकंदाला ४०० एमबी लिहितो. १८ टीबी भरायला साडेबारा तास. वेष्टनावर ४५ टीबी छापलेलं असतं, ते ड्राइव्ह लिहिताना डेटा अडीच पट आकसवेल असं धरून. व्हिडिओ, फोटो, झिप फायली आधीच आकसलेल्या असतात, तेव्हा हिशोब १८ वरच करा.

आता मागे सर्व्हरकडे वळू. खरेदीच्या यादीत पहिला मान प्रोसेसरला मिळतो, पण टेपच्या सर्व्हरला कोअर फारसे लागत नाहीत. त्याला लागतो अखंड प्रवाह. डेटा मंदावला की ड्राइव्ह आपला वेग काही पायऱ्या खाली आणतो. शेवटच्या पायरीखाली मात्र बफर, म्हणजे ड्राइव्हमधला तात्पुरता साठा, रिकामा पडतो. मग फीत थांबते, मागे सरकते, जागा शोधते आणि पुन्हा धावते. याला शू-शाइनिंग म्हणतात, बुटाला पॉलिश करताना फडकं पुढेमागे घासावं तसं.

(आवाज: ड्राइव्हची एकसुरी घूं. मग घरघर, शांतता, घरघर.)

हा आवाज ओळखीचा करून घ्या. बॅकअप लांबतो, फीत आणि हेड दोन्ही झिजतात, आणि सॉफ्टवेअर मात्र ‘काम यशस्वी’ असंच सांगतं.

एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जेमतेम ११०-११५ एमबी येतात. ड्राइव्हच्या पूर्ण वेगाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. त्यात डेटा निम्म्यावर आकसणारा असेल, तर ड्राइव्हला पूर्ण वेगात ठेवायला ८०० एमबी पुरवावे लागतात. म्हणून १० गिगाबिट नेटवर्क, आणि टेपच्या आधी सर्व्हरमध्येच डिस्कचा एक मुक्काम, म्हणजे स्टेजिंग. रात्री डेटा तिथे गोळा करा, मग तो सलग टेपवर उतरवा. फिरत्या डिस्कवर दोन्ही कामं एकाच वेळी लावली की त्यांची हेडं इकडून तिकडे धावत बसतात आणि वेग कोसळतो. वेळा वेगळ्या ठेवा किंवा एसएसडी घ्या. एसएसडी घेताना टिकाऊपणाचा आकडा पाहा: १० टीबीच्या जागेवर रोज १० टीबी लिहिलं, तर दिवसाला एक पूर्ण लेखन झालं. जास्त वाचनासाठी बनवलेल्या स्वस्त डिस्कना तेवढंच कसंबसं झेपतं.

डीड्यूप केलेल्या, म्हणजे सारखे तुकडे एकदाच ठेवणाऱ्या, साठ्यातून थेट टेपवर लिहिणं हा आणखी एक सापळा. एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात. ते गोळा करेपर्यंत टेप ताटकळते.

ड्राइव्ह जोडायला साधं एसएएस एचबीए कार्ड, म्हणजे फक्त जोडणी पुरवणारं कार्ड, घ्या. डिस्कसाठी लावलेल्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या) कार्डाला टेप जोडून पैसे वाचवू नका. पुष्कळ रेड कार्डं टेप ओळखतच नाहीत. कार्ड बसवायचा स्लॉटही तपासा. लांबी आठ लेनची (लेन म्हणजे डेटाची वाट) आणि आतली जोडणी चारचीच, असं मदरबोर्डवर सर्रास आढळतं. मेमरी ईसीसीच, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारीच, हवी. इथे बिट उलटला तर चूक टेपवरही जाते आणि चेकसम, म्हणजे डेटा पडताळायचा आकडा, त्या चुकीचाच निघतो.

(दृश्य: टर्मिनल. काळ्या पडद्यावर दोन ओळी.)

लिनक्सवर एकाच ड्राइव्हची दोन नावं दिसतात: एसटी-० आणि एनएसटी-०. पहिलं नाव वापरलं, तर काम संपताच फीत आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसरा बॅकअप मग पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो. डेटा संपल्याची खूणही नव्या बॅकअपच्या शेवटी येऊन बसते आणि तिच्यापलीकडचं जुनं काही साध्या मार्गाने वाचता येत नाही. एका टेपवर अनेक बॅकअप ठेवायचे तर ‘एन’वालंच नाव.

नवं एलटीओ-९ कार्ट्रिज पहिल्यांदा घातलं की ड्राइव्ह ते स्वतःशी जुळवून घेतो. साधारण ४० मिनिटं, कधी दोन तास. ड्राइव्ह अडकला असं समजून वीज बंद करणारे कमी नाहीत. नवी कार्ट्रिजं दिवसा घालून घ्या, रात्रीच्या बॅकअपच्या तोंडावर नको.

साफसफाई ड्राइव्हने मागितली तरच. क्लीनिंग कार्ट्रिज फार तर ५० वेळा चालतं, आणि ते घासूनच साफ करतं. कार्ट्रिज हातातून पडलं, तर आधी दार सरकवून पिन जागेवर आहे का पाहा. सुटलेल्या पिनसह ते आत गेलं, तर ड्राइव्हही गमवाल.

पिढ्यांचंही भान हवं. एलटीओ-९ ड्राइव्ह एलटीओ-८ वाचतो, एलटीओ-७ नाही. जुन्या टेपा कपाटात असतील तर त्यांचा ड्राइव्ह भंगारात देऊ नका.

एवढा खटाटोप कशाला? फेब्रुवारी २०११ मध्ये साठवणीच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीने जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं गायब झाली. वेगवेगळ्या डेटा सेंटरांतल्या प्रतींनाही तिचा फटका बसला. गूगलने ती पत्रं टेपवरून परत आणली, कारण टेपा ऑफलाइन होत्या.

(दृश्य: दुसरा ड्राइव्ह. कार्ट्रिज आत सरकतं.)

दर महिन्याला एक टेप काढा. ज्या ड्राइव्हवर लिहिली तो सोडून दुसऱ्यात घाला, कॅटलॉग (टेपांवर काय आहे याची यादी) नसलेल्या कोऱ्या सर्व्हरवर. एन्क्रिप्शनची किल्ली त्या सर्व्हरपर्यंत पोहोचते का, ते इथेच कळतं. फितीच्या मधल्या भागातली एखादी मोठी फाइल उतरवा आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, मूळ फाइलशी ताडून पाहा. जुळला, तर तारीख टाकून टेप कपाटात. नाही जुळला, तर मूळ ड्राइव्हवर त्याच आठवड्यात लिहिलेल्या सगळ्या टेपा बाहेर काढा आणि सर्वांत नव्या टेपेपासून तपासायला घ्या.