बटाटा आणि रताळं

नमस्कार मंडळी. सकाळची वेळ आहे, कुणी चहा गाळत असेल, कुणी डब्याची भाजी चिरत असेल, तर हात चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या, कारण आजची गोष्ट सुरूच होते बटाट्यापासून.

७ डिसेंबर १९४१, रविवार. अमेरिकेतल्या एका लष्करी तळाच्या किचनमध्ये जेकब डीशेझर नावाचा एक कॉर्पोरल बटाटे सोलत बसला होता. तेवढ्यात बातमी आली, जपानने पर्ल हार्बरवर, म्हणजे अमेरिकेच्या आरमाराच्या तळावर, बॉम्ब टाकले. २,४०० च्या वर माणसं गेली त्या एका सकाळी. अख्खा देश हादरला. आणि ह्या पोराने हातातला बटाटा उचलून भिंतीवर फेकून मारला, म्हणाला थांबा, दाखवतोच तुम्हाला. हा बटाटा लक्षात ठेवा हं.

चार महिन्यांनी, १८ एप्रिल १९४२ ला, १६ विमानं जपानवर सूड घ्यायला निघाली, त्यात शेवटच्या, सोळाव्या विमानात हा होता, बॉम्ब टाकायचं काम ह्याच्याकडे. नागोया शहरावर टाकले. खाली तिथेही माणसंच राहत होती. मग पेट्रोल संपलं, रात्री चीनमध्ये पॅराशूटने उतरावं लागलं, आणि तो भाग जपान्यांच्या ताब्यातला, त्यामुळे सापडलाच. एकूण ४० महिने कैद. त्यातले ३४ महिने एकट्याला कोठडीत. चौतीस महिने, मंडळी, बोलायला कुणी नाही. तीन सोबत्यांना गोळ्या घातल्या, चौथा उपासमारीने आणि आजाराने आतच गेला, आणि ह्याच्या मनात द्वेष असा भरला की दुसरं काही शिल्लकच नाही.

मे १९४४ मध्ये त्याच्या हातात बायबल आलं. फक्त तीन आठवड्यांसाठी. कोठडीत उजेड म्हणजे वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच, तर हा उजेड असेपर्यंत वाचायचा आणि अंधार झाला की पाठ केलेलं मनात म्हणत बसायचा. इथे मला एक बोलल्याशिवाय राहवत नाही, आपण पोरांचं पाठांतर बंद केलं ते फार वाईट केलं. घोकंपट्टी म्हणून नावं ठेवली. अहो, आजीला डोळ्यांनी दिसेना झालं तरी तिचा हरिपाठ चालू असायचा, कुणाच्या आजीची स्तोत्रं चालू असायची, मोबाईलची बॅटरी संपते, पाठ केलेलं संपत नाही. असो. तर ८ जून १९४४ ला, त्या कोठडीतच, त्याने येशूला आपला प्रभू मानलं. चर्च नाही, पाद्री नाही, कुणी साक्षीला नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी आज बसलोय. थोड्याच दिवसांनी एक शिपाई त्याला कोठडीत ढकलत होता, घाईघाईत दार लावलं आणि ह्याचा अनवाणी पाय दारात अडकला. शिपायाने दार उघडलं नाही. उलट खिळेवाल्या बुटाने त्या पायावर लाथा घातल्या. पाय कसाबसा सोडवून घेतला, कळा मस्तकात जातायत, तोंडात शिव्या आल्यात, आणि नेमकं तेव्हा पाठ केलेलं आठवलं, वैऱ्यावर प्रीती करा. वाचताना किती सोपं वाटतं ना, पण पाय ठणकत असताना?

दुसऱ्या दिवशी तोच शिपाई ड्युटीवर आला, तर ह्याने आतून आदराने म्हटलं, ओहायो गोझाइमास. म्हणजे सुप्रभात. शिपाई बघतच राहिला, त्याला वाटलं एकटं राहून राहून ह्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओहायो गोझाइमास. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. होता होता एक दिवस शिपाई दाराजवळ आला, हसला, बोलायला लागला, घरच्यांबद्दल बोलणं निघालं. आणि मग एका सकाळी दारातून हात आत आला, हातात उकडलेलं रताळं.

रताळं! आपण एकादशीला कंटाळून खातो ते. उपाशी माणसाच्या हातात गरम रताळं म्हणजे काय, साल सोलताना बोटांना बसणारा तो चटका म्हणजे काय, ते तुम्हीच विचार करा. कोठडी तीच होती. युद्ध चालूच होतं. सुटकेचा पत्ता नव्हता, पण भिंतीवर बटाटा मारणारा तो माणूस आता शांत होता.

ऑगस्ट १९४५ मध्ये सुटला, घरी गेला, शिकला, आणि डिसेंबर १९४८ मध्ये परत जपानला आला, ह्या वेळी मिशनरी म्हणून. त्याची कहाणी छापलेलं एक पत्रक टोकियोच्या शिबुया स्टेशनवर कुणीतरी मित्सुओ फुचिदा नावाच्या माणसाच्या हातात दिलं. हा फुचिदा कोण, तर पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात विमानांच्या पुढे होता तोच. त्याने ते वाचलं, मग बायबल विकत घेतलं, तोही ख्रिस्ती झाला, आणि १९५० मध्ये हे दोघं समोरासमोर भेटले. त्यावर एक दिवस वेगळं बोलू, आज वेळ संपत आलीय.

आणि डीशेझर? १९५९ मध्ये तो बायको-मुलांना घेऊन नागोयाला राहायला गेला, तिथे चर्च सुरू केलं. हो, तेच नागोया, जिथे त्याने बॉम्ब टाकले होते. आता सकाळी दार उघडलं की समोर नागोयाचेच शेजारी, आणि त्यांना म्हणायला शब्द तेच, ओहायो गोझाइमास.