गेबल वस्ताद

(दृश्य: कृष्णधवल फिल्म, बक्षीस समारंभाचा चौथरा)

दोन नंबरच्या पायरीवर उभा आहे, त्या पोराकडं बघा. हा डॅन गेबल. शाळेत ६४ कुस्त्या, ६४ जिंकल्या. कॉलेजात ११७ जिंकल्या. सलग १८१ कुस्त्यांत पाठीला पराभवाची माती नाही. मार्च १९७०, इव्हॅन्स्टन. अमेरिकेतल्या आंतरकॉलेज कुस्तीची फायनल आणि गेबलची कॉलेजातली शेवटची लढत. समोर लॅरी ओविंग्ज, खास याच्याशी भिडायला वजन उतरवून १४२ पौंडांच्या गटात आलेला. निकाल १३-११. गेबल हरला.

(दृश्य: वॉटर्लू गाव, बर्फातले रस्ते)

आयोवा राज्यातलं हे वॉटर्लू, ट्रॅक्टरच्या कारखान्याचं गाव. इथल्याच घरात १९६४ साली त्याच्या थोरल्या बहिणीचा खून झाला. आईबाप घर विकायला निघाले, तर पंधरा वर्षांच्या डॅननं आपलं अंथरूण तिच्या खोलीत नेलं. घर राहिलं.

(दृश्य: म्युनिक ऑलिम्पिक, १९७२)

डोक्याला टाके, गुडघा दुखावलेला. ६८ किलो, फ्रीस्टाईल, सहा कुस्त्या. सहा जणांना मिळून त्यानं दिलेले गुण? शून्य. सुवर्णपदक! आपल्याकडं एवढ्यावर हत्तीवरून साखर वाटली असती, आणि चार वर्षांनी हाच गडी नोकरीचा अर्ज घेऊन साहेबांच्या दारात उभा असता.

तिकडं कॉलेज हीच तालीम. चांगला मल्ल कॉलेजच्या शिष्यवृत्तीवर लढतो, वस्तादाला कॉलेजचा पगार. आमच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला धाडायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांना स्वतःचं घर गहाण टाकावं लागलं होतं. सात हजार रुपयांना.

(दृश्य: आयोवा विद्यापीठाचा कुस्ती हॉल)

त्याच १९७२ साली गेबल आयोवा विद्यापीठात सहायक प्रशिक्षक झाला. स्वतः शिकला आयोवा स्टेटमध्ये, म्हणजे हाडवैऱ्याच्या घरात! कोल्हापुरात गंगावेस तालमीचा पठ्ठ्या शाहूपुरी तालमीत वस्ताद म्हणून बसावा, तसलाच प्रकार. १९७६ ला मुख्य प्रशिक्षक. आता 'तो' म्हणून चालायचं नाही. वस्ताद झाले.

बाकावर बसून शिट्टी फुंकणारे हे वस्ताद नव्हेत. लंगडा गुडघा घेऊन स्वतः मॅटवर उतरायचे आणि पोरांना खाली दाबून धरायचे. अमेरिकन कॉलेज कुस्तीत या दाबून धरण्यालाही मोल आहे. समोरच्यापेक्षा मिनिटभर जास्त ताबा ठेवला, की एक गुण पदरात. त्यामुळं दमसास संपला की डाव कितीही येत असोत, उपयोग नाही. आपला वस्ताद जोर-बैठकांवर का अडून बसतो, ते इथं कळतं. सराव आटोपला की सौना. लाकडी खोली, तापलेले दगड, निथळणारा घाम. हा त्यांचा नित्यनेम.

(दृश्य: चषकांची कपाटं)

२१ हंगामांत १५ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं. १९७८ ते १९८६ सलग नऊ. दहावं कुणी अडवलं? आयोवा स्टेटनं, त्यांच्याच जुन्या कॉलेजनं! १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या अमेरिकन फ्रीस्टाईल संघानं सात सुवर्णपदकं आणली. सोव्हिएत रशियाचा बहिष्कार होता, हे खरं. तरी सात म्हणजे सातच.

पुढं उन्हाळी शिबिरं, पुस्तकं, कंपन्यांपुढं भाषणं. मल्लाचं नाव बाजारात चालतं, हे तिकडच्या लोकांना लवकर उमगलं. वॉटर्लूमध्ये त्यांच्या नावाचं कुस्ती संग्रहालयही उभं आहे.

(दृश्य: सीडर फॉल्स, १९९७)

प्रशिक्षक म्हणून हा शेवटचा हंगाम. खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, काखेत कुबड्या. राष्ट्रीय स्पर्धेत संघाचे गुण १७०, त्या काळचा विक्रम. वस्तादांची नजर अजून मॅटवरच आहे.